बाहेर पडायच्या दारावर विमलआक्का

विमलआक्का कुणाला माफ करत नसत. एकदा एका रिक्षावाल्यानं त्यांना वळसा घालून नेलं. पुढं कधीतरी तो स्टँडवर दिसला, तेव्हा भर गर्दीत हाक मारून त्या म्हणाल्या, "काय पावणं, आज तरी सरळ रस्ता सापडला का?" आजूबाजूचे रिक्षावाले हसले. तो बिचारा ओळख आठवत राहिला. आक्कांना सगळं आठवत होतं, रिक्षाच्या आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीसकट.

माणूस डोळ्यांआड झाला की 'मनात काही ठेवायचा नाही' असं त्याच्याविषयी लिहायची आपल्याकडं रीत आहे. आक्का मनात ठेवायच्या. नीट घडी घालून ठेवायच्या. ज्याचा अपमान झाला त्यानंच मोठ्या मनाचं व्हायचं, ही शिकवण कुणाच्या सोयीची असते हे मला घरातल्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांनी लहानपणीच सांगितलं होतं. पण ती शिकवण झुगारून माणूस रोज जगतो कसा, ते मी आक्कांकडं पाहिलं.

त्यांचं काम साधं होतं. कोल्हापुरात शेतीचं, यंत्रांचं नाहीतर फौंड्रीच्या सामानाचं प्रदर्शन भरलं की बाहेर पडायच्या दारावर उभं राहायचं आणि परत निघालेल्या लोकांना प्रश्न विचारायचे. काय बघितलं, काय घेतलं, कुठं थांबलात. त्याचा गोषवारा काढून ज्यानं काम दिलं त्याच्या हातात द्यायचा. प्रदर्शन यशस्वी झालं की नाही, हे त्यावरून ठरायचं. ठरायला हवं होतं, असं म्हणू.

आक्का उंच, रुंद खांद्याच्या. कामावर असताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायच्या, कारण त्याला खिसा होता. आधी त्या पतसंस्थेसाठी पिग्मीचे, म्हणजे रोजच्या बचतीचे, पैसे गोळा करत दुकानादुकानांतून फिरायच्या. त्यामुळं कोण टाळतंय, कोण खरंच गल्ल्यावर नाही, हे त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. मी पहिल्या दिवशी हाताखाली कामाला गेले तेव्हा माझ्या पिशवीत कसलीशी पत्रकं होती. ती बघून त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. "ए पत्रकवाली," म्हणाल्या, "ते सगळं गाडीच्या डिकीत ठिव. हितं आपण बोलायचं न्हाय, ऐकायचं." शेवटपर्यंत मी पत्रकवालीच राहिले.

प्रदर्शनाच्या मांडवातलं त्या काही खात-पीत नसत. भाकरी, झुणका आणि पाण्याची बाटली घरून यायची आणि जेवण कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याकडच्या दगडावर बसून व्हायचं. आमच्या शेवटच्या प्रदर्शनात एकदा ऊन मी म्हणत होतं. एका स्टॉलवाल्यानं प्रेमानं ताकाचा ग्लास आणून दिला. आक्कांनी तो माझ्या हातात दिला. "तू पी. ह्या माणसाच्या मांडवातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत न्हाय."

'हा माणूस' म्हणजे उदयदादा. ते प्रदर्शन त्यांचं. शहरात कुठंही मान वर केली की फलकावर त्यांचा फोटो दिसायचा. हात जोडलेले, गालात हसू.

त्या घशाची गोष्ट मला शहराला लागून असलेल्या उचगावातल्या बायकांनी सांगितली. नंतर आक्कांनीही सांगितली, पण अगदी थोडक्यात.

आक्कांचे यजमान, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, त्यांचं उचगावात छोटं वर्कशॉप होतं. उसाच्या कांडीवर डोळा असतो, त्यातून नवा ऊस फुटतो. आख्खी कांडी न लावता तो डोळाच काढून त्याची रोपं करणाऱ्यांसाठी तात्यांनी एक पायानं चालणारं यंत्र बनवलं होतं. डोळा अलगद निघायचा, कांडी रसाला शिल्लक राहायची. आसपासच्या शेतकऱ्यांनी वापरून बघितलं, वाखाणलं. एका दुकानदारानं माल ठेवायचं कबूल केलं. मग तात्यांनी दादांच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. जागा मिळाली शेवटच्या रांगेत, खाण्याच्या स्टॉलच्या पाठीमागं, जनरेटरला लागून. प्रदर्शन संपेपर्यंत तात्या तिथं धूर खात बसले.

समारोपाला दादांनी माईकवरून जाहीर केलं की प्रदर्शन शंभर टक्के यशस्वी झालं, सर्व्हेच तसं सांगतो. तेव्हा तात्या उभे राहिले. तसा स्वभाव नव्हता त्यांचा, पण राहिले.

"दादा, आमच्या रांगंकडं माणूसच फिरकलं न्हाय."

दादांनी माईक तोंडाजवळ घेतला. "तात्या, माल चांगला असला की माणूस वास काढत येतंय. लोक तर खूश हायत, हे बगा, सर्व्हे हाय माझ्या हातात. मग खोट कुणात म्हणायची?"

मांडव हसला. उचगावचे लोकही हसले. तात्या खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्या दुकानदारानं निरोप पाठवला की एवढ्यात नको. वर्कशॉप पुढं बंदच पडलं आणि तात्या दुसऱ्याच्या फौंड्रीत लेथवर पाळी करायला लागले. ते यंत्राविषयी बोलेनासे झाले. आक्का तेवढ्याचविषयी बोलायला लागल्या.

"खोट कुणात ते त्यानं इचारलंय न्हवं? मग मोजायला पायजे. आणि मोजून झालं की त्याच माईकवर त्यानंच सांगायला पायजे."

एवढंच हवं होतं त्यांना. भरपाई नको, सत्कार नको. नवऱ्याच्या हातच्या कामावर लागलेला डाग ज्या तोंडानं लावला त्याच तोंडानं पुसला गेला पाहिजे.

दादांचा तो सर्व्हे खोटा नव्हता, ही खरी गंमत. कागदावर पाच चेहरे छापलेले असायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. दादांचा फोटो छापलेले टीशर्ट घातलेली मुलं तो कागद पुढं करायची आणि भरून दिला की उसाच्या रसाचा ग्लास फुकट. आता आपली माणसं कशी, तर कुणाकडं जेवायला गेली आणि रस्सा पांचट निघाला तरी "एक नंबर झालाय वैनी" म्हणून वाटी पुन्हा पुढं करणारी. यजमानाच्या दारात वाईट बोलायचं नसतं. मग पाचवा चेहरा नाहीतर दुसरं काय मिळणार?

पुढच्या वर्षी एका दुसऱ्या प्रदर्शनासाठी पुण्याहून एक एजन्सी आली. आक्का तिथं रोजंदारीवर प्रश्न विचारायला लागल्या. तिथल्या बाईंनी त्यांना काम शिकवलं. आत शिरताना विचारू नका, बाहेर पडताना विचारा. संयोजकाचे कपडे घालू नका. फुकट काही देऊ नका. आक्का त्या बाईंचं नाव आदरानं घ्यायच्या. "लै गुणाची बाई. पण आपल्या माणसाचं 'एक नंबर' तिला म्हाईत न्हवतं." त्यावरचा तोडगा आक्कांनी स्वतः काढला. कसं वाटलं हे विचारायचंच नाही. माणूस आत कसकसा चालला तेवढं त्याच्याकडून चालवून घ्यायचं.

मी पहिल्यांदा विचारायला उभी राहिले तेव्हाचं आठवतं. बिद्रीकडचे एक शेतकरी होते, पांढरी टोपी, दोन्ही हातांत पिशव्या. मी म्हटलं, "कसं वाटलं प्रदर्शन?"

"एक नंबर! नाद खुळा!"

मी खूण करणार, तेवढ्यात आक्का मध्ये आल्या. "थांब गं. पावणं, पिशव्या ठेवा बगू खाली. वझं हातात असलं की माणूस सुटायला बघतंय. हं, आत शिरलासा. आधी कुठं गेलासा?"

"ते मोठं ट्रॅक्टर न्हाय का, त्येच्यावर बसून फोटो काढला."

"मग?"

"मग भजी खाल्ली."

"मग?"

"नातवाला पाळण्यात बशिवला. मग..." ते जरा थांबले. "परत भजी."

"आणि मागच्या रांगंत काय बघितलासा? पंप, फवारणीचं, ते?"

"मागं रांग हाय?"

"हाय की."

त्यांनी खरोखर मागं वळून बघितलं. चेहरा पडला. "आयला, मला पंपच बघायचा हुता की वो! त्येच्यासाठनं तर आलतो."

"मग एक नंबर कसं म्हणालासा?"

"आता तुम्ही एवढं पावण्यासारखं इचारल्यावर वंगाळ कसं सांगायचं?"

आक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ. ह्याला यश म्हणत्यात."

जोडपं आलं तर त्या आधी बाईला विचारायच्या. नवरा मध्ये बोलला तर म्हणायच्या, "दाजी, तुमचा नंबर मागनं." चुलत्या-पुतण्यांना एकत्र विचारायच्या नाहीत, कारण पुतण्या चुलत्याचंच उत्तर देतो. आणि कुणी हात जोडून "ताई, घाई हाय" म्हटलं तर सोडून द्यायच्या. "घाईतला माणूस खोटं बोलत न्हाय, पण खरं बी बोलत न्हाय."

एकदा मी घरून एक प्रश्न लिहून नेला. 'हे प्रदर्शन म्हणजे लहान कारखानदारांची फसवणूक आहे असे आपणास वाटते का?' आक्कांनी वाचला आणि कागद परत दिला.

"ह्यो प्रश्न न्हाय. ह्यो मोर्चा हाय."

"पण आक्का, खरं आहे ना ते?"

"खरं हाय म्हणूनच इचारायचं न्हाय. त्येचं त्येनं सांगायला पायजे. माझा सूड मी लोकांच्या तोंडात कोंबला की उद्या दादा म्हणंल, बाईनं वदवून घेतलं. मग मांडव परत हसंल. एकदा हसला तेवढं बास."

मला तो प्रश्न आजही बरोबरच वाटतो. पण त्यांचा राग माझ्या रागापेक्षा जास्त शिकलेला होता, हेही खरं. माझा राग ओरडून मोकळा व्हायचा. त्यांचा वाट बघायचा.

हा राग आपल्या माणसांनाही सोडत नव्हता. दादांच्या प्रदर्शनात शेवटच्या रांगेतल्या एका फवारणी पंपवाल्याकडं जे पोचले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी 'पंप गळतो' म्हणून सांगितलं. आक्कांनी तसंच लिहिलं. तो तावातावानं दारावर आला. "आक्का, तुम्ही आमच्यातल्याच असून? दादाविरुद्ध आपण एक नको का?"

"तुझा पंप गळतोय का न्हाय?"

"थोडा गळतोय."

"मग वायसर बदल जा. दादाची खोट दादाची, तुझी तुझी. तुझी झाकली तर दादाची उघडी करायला मला तोंड ऱ्हाईल का?"

तो पुटपुटत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र पान्हा घेऊन पंपापुढं बसलेला दिसला.

ते आक्कांचं शेवटचं प्रदर्शन, आणि दादांच्या दारावरचं पहिलं. दादांच्या मांडवात सगळ्यात मोठी जागा घेणाऱ्या ट्रॅक्टर कंपनीला दादांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा कंटाळा आला होता. त्यांनी स्वतःचा सर्व्हे करायचं ठरवलं आणि काम आक्कांकडं आलं. ज्या दारावर जाण्यासाठी त्या इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारांवर उभ्या राहिल्या होत्या, ते दार अखेर मिळालं. त्या दिवशीही भाकरी घरूनच आली.

जे बाहेर आलं ते आम्हांला आधीच माहीत होतं, पण आता ते लोकांच्या तोंडून आलं होतं. माणसं ट्रॅक्टरवर फोटो काढत होती, खाण्याच्या स्टॉलपाशी वळत होती आणि तिथूनच बाहेर पडत होती. मांडणीच तशी होती. शेवटची रांग आहे हेच बहुतेकांना कळत नव्हतं. पण जे चुकूनमाकून तिकडं पोचत होते ते थांबत होते, यंत्र हाताळत होते, पत्ता घेऊन जात होते. माल वाईट नव्हता. तात्यांच्या वेळीही नसणार.

पुढच्या वर्षाच्या स्टॉलचं बुकिंग समारोपाच्या दिवशी व्हायचं, ही तिथली पद्धत. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेतले सगळे जण, उचगावचे, गडमुडशिंगीचे, एकत्र बसले आणि ठरवलं, की रांग पुढं आल्याशिवाय कुणी बुकिंग करायचं नाही. पत्रक मी लिहिलं. आक्कांनी त्यातली विशेषणं काढून टाकली आणि ते अर्धं झालं.

संध्याकाळी दादा आक्कांच्या घरी आले. मी तिथंच होते. तात्या पाळीवरून येऊन भिंतीला टेकून बसले होते.

"आक्का, तुमच्या शब्दाला ही माणसं मान देत्यात. जरा समजवा त्यास्नी. आणि कंपनीला देताना थोडं सौम्य लिवलं तर बरं. तात्यांना पुढल्या वर्षी दारासमोरचा स्टॉल. एक रुपया घेणार न्हाय."

तात्यांनी मान वर केली. आक्कांनी ते बघितलं. मला वाटतं, त्यांना कठीण गेलं असेल तर तेवढ्याच क्षणी.

"लिवलंय त्यातला काना-मात्रा हलणार न्हाय," आक्का म्हणाल्या. "रांग पुढं आणा, मग मी स्वतः सगळ्यांना बुकिंगला आणतो. आणि आमचा स्टॉल नको. मला माईक पायजे."

"म्हंजे? तुम्हाला बोलायचं हाय?"

"मला न्हाय. तुम्ही बोलायचं. तात्यांच्या यंत्रात खोट न्हवती, खोट आमच्या मांडणीत हुती. एवढंच."

दादा हसले, फोटोतल्यासारखे. "अवो, किती वर्षांची गोष्ट. मस्करीत बोललो असंन."

"लोक खरंच हसली हुती."

"मला तर आठवत बी न्हाय."

"मला आठवतंय की. मी सांगतो, तुम्ही म्हणा."

तात्या हळूच म्हणाले, "विमल, सोड आता."

"तुम्ही सोडा. तुमचा स्वभाव हाय त्यो. मी न्हाय सोडणार."

दादा चहा न घेताच उठले. आक्कांनी तो विचारलाही नव्हता.

समारोपाला दादा भाषणाला उभे राहिले. पुढच्या वर्षी रांग पुढं घेणार असल्याचं सांगितलं. मग मांडववाल्यांचे आभार, पोलिसांचे आभार, वीज मंडळाचे आभार, आणि त्या आभारांच्या मध्येच कुठंतरी, एका दमात, "आणि मागं एकदा तात्यांच्या यंत्राबद्दल बोलणं झालं हुतं त्या यंत्रात खोट न्हवती मांडणीत हुती तसंच स्वयंसेवकांचे आभार."

आक्का पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांना माईकची गरज नव्हती.

"दादा! मागं ऐकू आलं न्हाय."

दादांनी पाण्याचा घोट घेतला. शेवटच्या रांगेतले सगळे उभे राहून बघत होते आणि बुकिंगचं टेबल रिकामं होतं.

"तात्यांच्या यंत्रात," दादा म्हणाले, "खोट न्हवती." थांबले. "खोट आमच्या मांडणीत हुती."

कुणीतरी टाळी वाजवली. आक्कांनी वळून त्या माणसाकडं बघितलं. तात्यांना तेव्हा हसलेल्यांपैकी तो होता, हे मला नंतर कळलं. टाळी तिथंच थांबली.

मग आक्का बुकिंगच्या टेबलाकडं गेल्या आणि मागच्या रांगेला हात केला. दिलेला शब्द त्यांनी तिथल्या तिथं पाळला. तात्या मात्र आले नव्हते, त्यांची पाळी होती. मी म्हटलं, त्यांना बोलवायला हवं होतं. "कशाला? त्यास्नीच लाज वाटली असती. ज्यानं लाजायचं हुतं त्यो हुता की."

मला वाटलं, झालं. आता घरी जायचं. पण आक्कांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि बाहेर पडायच्या दाराकडं चालायला लागल्या.

"आता काय राहिलं, आक्का?"

"पोचलं का न्हाय ते बघायला नको? स्टेजवर बोललेलं आणि लोकांनी ऐकलेलं एकच असतंय व्हय?"

आणि त्यांनी सुरू केलं. स्टेजवर आज काय सांगितलं? एक जण म्हणाला, टीव्हीची सोडत. दुसरा म्हणाला, मी पाळण्याकडं हुतो. तिसऱ्याला रांग पुढं येणार तेवढं कळलं होतं. आक्कांचा चेहरा घट्ट होत गेला. मग गडमुडशिंगीची एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात रोपांचा ट्रे.

"ते कोण तात्या हायत, त्येंच्या यंत्रात खोट न्हवती म्हणं. मोठ्या दादांनी सांगितलं. दोनदा सांगितलं. कसलं यंत्र वो ते?"

आक्कांनी सांगितलं. डोळा कसा निघतो, पाय कसा मारायचा, सगळं हातानं करून दाखवलं.

"बरं हाय की! आमची उसाच्या रोपांचीच नर्सरी हाय. कुठं मिळतंय?"

इतकी वर्षं प्रश्न विचारणाऱ्या आक्कांना पहिल्यांदाच उत्तर द्यायचं होतं. पण तात्यांचा लेथ विकला गेला होता, साचे भंगारात गेले होते. मग त्यांनी सावकाश हात वर केला आणि पेनानं गाड्यांकडं दाखवलं.

"ते पांढऱ्या गाडीपाशी उभं हायत न्हवं, मोठं दादा, त्यांना इचारा. त्यास्नी सगळं म्हाईत हाय."

बाई तिकडं गेली. तिच्या मागून आलेल्यालाही आक्कांनी यंत्र समजावलं आणि तिकडंच पाठवलं. त्यानंतरच्यालाही.

त्याच महिन्यात तात्यांना घेऊन त्या बेळगावला लेकीकडं गेल्या. पुन्हा काही भेट झाली नाही. म्हणून त्यांना आठवायचं तर मला ती संध्याकाळच आठवते. गाड्यांपाशी बाईचा आवाज चढलेला.

"अवो दादा, ते उसाचा डोळा काढायचं यंत्र कुठं मिळतंय?"

"ते... ते बंद झालं आता."

"आं? आत्ताच तर चांगलं हाय म्हणालासा. मग बंद कशानं पडलं?"

दादांनी इकडंतिकडं बघितलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, पण दार उघडता येत नव्हतं. रोपांचा ट्रे बॉनेटवर ठेवून बाई दाराला टेकून उभी राहिली होती आणि तिच्या मागं आणखी दोघं येऊन थांबले होते. मी तोंड उघडलं, तसं आक्कांनी माझं मनगट धरलं. त्या हसत नव्हत्या. दादा काय सांगतात, ते ऐकायला त्यांनी मान जराशी पुढं केली होती.